मांडीवरची पिशवी

तुमच्या मांडीवर आत्ता जी पिशवी आहे ती कुणाची, हे तुम्ही शपथेवर सांगू शकाल का? आणि ती तुमची नसेल, तर तसं तुमच्याशिवाय दुसरं कोण सांगेल?

मी वडनेर भोलजी सोडलं त्या सकाळी कुणी मला हे विचारलं असतं तर मी हसले असते. आम्ही तिघं फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. नांदुऱ्याहून पुढे पुण्याची गाडी. आईनं माझ्या कुर्त्याला आतून चोरखिसा शिवला होता आणि तो जागेवर आहे का, हे ती दर थोड्या वेळानं वरून चाचपून बघत होती. जणू खिसेकापू फाट्यावरच्या चहाच्या टपरीतच बसलेत.

"वरच्या पर्समधी तेच ठेव, जे गेलं तं रडू नाही येणार," ती म्हणाली.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "धक्का लागला अन् कोनं सॉरी म्हनलं, तं त्याच्या तोंडाकडे नको पाहू. आपल्या पर्सकडे पाह्य."

"तुम्हाले काय मालूम पुण्याचं? तुम्ही कधी गेले?" आई म्हणाली.

"म्या पत्रकात वाचलं."

बाबांची शेती थोडी आणि कोरडवाहू. गावात त्यांची ओळख मात्र पत्रकवाला म्हणून आहे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. जयंतीची, मोर्च्याची, दारूबंदीची, शिष्यवृत्तीची. पिवळी, गुलाबी, हिरवी, हाताला शाई लागणारी. विहारात संध्याकाळी बाबा ती मोठ्यानं वाचायचे आणि उरलेली एसटी स्टँडवर वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. त्यामुळे माझ्या लिहिण्यात अजूनही आवाज चढतो. पुण्यात एकदोघांनी सांगून पाहिलं, जरा खाली आणा म्हणून. प्रयत्न करते.

एसटी आली. बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरली आणि मी बसल्या बसल्या माझ्या मांडीवर संसार जमला. एका बाईची मेथीची पिशवी, दुसरीचा दुधाचा रिकामा कॅन, आणि तिसरीचं तर लेकरूच. "धर वं माय," एवढंच. माझं नाव कुणी विचारलं नाही, मीही कुणाचं विचारलं नाही. आमच्याकडे बसलेल्या माणसाची मांडी उभ्या माणसाची असते. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो मोडलेलाही मी कधी पाहिला नव्हता. खिडकीबाहेर आई बोट छातीशी नेऊन खूण करत होती, खिसा, खिसा. गाडी सुटली तेव्हा रडू आलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

पुण्यानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, बोलणं. मी एका कंपनीत ग्राहकांचे फोन घेते. तिथे 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का' झालं, आणि महिन्याभरात मी घरी फोन केला की आईच म्हणायला लागली, "कोन बोलून राह्यलं?" दुसरी, प्रवास. गावाहून निघायच्या तयारीत असलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी. बसमध्ये चढताना दारातली गर्दी आपोआप होत नाही, पुष्कळदा ती केली जाते. एक जण पायरीवर अडतो, एक मागून रेटतो, आणि तिसऱ्याचा हात तुमच्या पर्सच्या चेनवर असतो. म्हणून सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या. फोन मागच्या खिशात नको. तिकिटाचे सुटे आधीच मुठीत ठेवा, गर्दीत पाकीट उघडू नका. अंगावर कुणी काही सांडलं, तर पुसायच्या आधी खिसा बघा. आणि हेही लक्षात ठेवा, चोरलेली वस्तू चोराच्या हातात क्षणभरही राहत नाही. ती लगेच दुसऱ्याकडे जाते.

हे सगळं मी बाबांना सांगितलं होतं. कापूस वेचून झाल्यावर ते माझी खोली बघायला पुण्याला आले तेव्हा स्टँडवरच सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते आणि चोरखिशावर हात ठेवून चालत होते. त्यांच्या बंडीलाही आईनं तो शिवून दिला होता. शेवटचं वाक्यही मी त्यांना सांगितलं. ती लगेच कुणाकडे जाते, याचा विचार मीही केला नव्हता.

दुपारची बस होती. डावी बाजू बायकांची असते हे बाबांना माहीत नव्हतं, पण उजवीकडे मागे एक जागा मिळाली. खिडकीशी कानात वायर घातलेला एक तरुण नोकरदार होता, बाबा त्याच्या शेजारी. मी पुढे बायकांच्या बाजूला उभी होते. मध्ये माणसं होती, पण मान वळवली की बाबांचं मुंडासं दिसायचं.

पुढून सरकत सरकत एक पोरगा मागे त्यांच्याजवळ आला. स्वच्छ शर्ट, हातात कापडी पिशवी. "काका, जरा धरता का?" बाबा म्हणाले, "आन बापा." खिडकीतल्या माणसानं पिशवीला जागा व्हावी म्हणून आपला गुडघा आत घेतला. तो गुडघा हललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बाबा पोराला विचारत होते, कुठचा, काय शिकतो, गावाकडे पाणी कसं आहे. तो हसत हो हो करत होता. पुढच्या थांब्यावर दार उघडलं आणि तो उतरून गेला.

बाबा अर्धवट उठले, खिडकीकडे वाकून ओरडले, "अबे पोरा, तुही पिशवी राह्यली ना. अबे ओ."

आजूबाजूची माणसं हसली. वाईट नव्हे, जरा मजेनं. कुणीतरी हळूच "अबे ओ" म्हणूनही पाहिलं. बस निघाली.

लगेचच माझ्या पुढची एक बाई पर्समध्ये हात घालून किंचाळली. फोन नव्हता. कंडक्टरनं ड्रायव्हरला हाक मारली, "दार उघडू नको. सरळ चौकीवर घे." कुणीतरी तिच्या नंबरवर फोन लावला. तो बाबांच्या मांडीवर वाजला.

बस चालू, दारं बंद, आणि सगळी तोंडं एका माणसाकडे वळलेली. "पिशवीला हात लावू नका, आजोबा," कंडक्टर म्हणाला. बाबांनी हात वर घेतले. आता ती पिशवी त्यांना खाली ठेवता येईना, धरताही येईना. दोन्ही तळवे हवेत, मांडीवर वाजणारी पिशवी, खिडकीला आडव्या दांड्या. असे ते बसून राहिले.

"या वयात," एक बाई म्हणाली.

"साधे दिसतात तेच असतात," दुसरं कुणी.

"थे माही नाही. त्या पोरानं धरायले देल्ली," बाबा म्हणाले.

"कुठला पोरगा? नाव काय त्याचं?"

"पिशवी धरायले नाव कायले इचारा लागते?"

पुन्हा हसू झालं. मी गर्दीतून मागे शिरले. मी पाहिलंय, म्हणाले, त्या मुलानं पिशवी दिली.

"तुम्ही कोण?" कंडक्टर.

"मुलगी."

"मग झालंच."

बाबांनी शेजाऱ्याकडे मान वळवली. हात अजून वरच. "भाऊ, तुम्ही तं अठीच होते. तुम्ही पाह्यलं ना?"

त्यानं एका कानातली वायर काढली. "माझं लक्ष नव्हतं, काका." आणि वायर परत घातली.

चौकीवर बस रिकामी झाली. हवालदारानं नाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर तो जेवढं थांबला, तेवढं थांबणं आमच्या घरात सगळ्यांना ओळखीचं आहे. पिशवीत तो फोन होता, एक पाकीट होतं आणि वर पांघरलेला टॉवेल. "एकटा आलास की टोळीनं?" बाबा म्हणाले, "लेकीकडे आलो, साहेब." ते बाकावर बसले तेव्हा हात मांड्यांखाली दाबून बसले.

मी बाहेर धावले. कानात वायरवाला पुढच्या बसची वाट बघत थांब्यावर उभा होता.

"तुम्ही गुडघा आत घेतलात. पाहिलंत तुम्ही," मी म्हणाले.

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "पाहिलं हो. पण ताई, साक्षीसाठी पुन्हा पुन्हा यायचं म्हणजे... मला रजा मिळत नाहीत. आणि ते लोक टोळीनं असतात. मी रोज याच रूटला असतो." त्याचा आवाज नरम होता. खोटं काहीच बोलत नव्हता. "तुमचे वडील सुटतील, काळजी करू नका," म्हणाला, आणि बस आली तशी चढला. चढताना सॅक पोटावर घेतली, अगदी मी शिकवते तशी.

चौकीत परत आले तर फोनवाली बाई निघायच्या बेतात होती. फोन मिळाला, मला तक्रार नको, असं ती म्हणत होती. हवालदार म्हणाला, "तुम्हाला नको, पण पाकीट दुसऱ्याचं आहे ना. म्हातारा बसेल इथेच." मी दारात तिच्या आडवी उभी राहिले. तेव्हा मी कुठल्या भाषेत बोलले ते मला आठवतं, कारण कंपनीतला सगळा 'मला' गळून पडला होता. "ताई, मले एवढंच सांगा. तुमचा फोन शेवटचा हातात कधी होता?"

ती चिडली. मग थांबली. "बहिणीशी बोलत होते. मग पर्समध्ये टाकला. तेव्हा माझ्या अंगावर एक मुलगा रेलत होता, मी त्याला नीट उभा राहा म्हणून ओरडले, तसा तो घाबरून मागे सरकला." तिनं बाकाकडे बघितलं. "हे तर मी चढले तेव्हापासून मागे बसलेले. उठलेच नाहीत." आणि खालच्या आवाजात, "उठले ते त्याला हाक मारायला. मी ऐकली ती हाक. मीसुद्धा हसले."

"मग बसमध्ये का नाही बोललात?" हवालदारानं विचारलं.

"माझा फोन मिळाला होता ना," ती म्हणाली.

तिनं ते लिहून दिलं, सही केली आणि मगच गेली. जाताना बाबांसमोर उभी राहिली. बाबाच म्हणाले, "जा माय. उशीर झाला असन तुले."

हवालदारानं सोडताना बजावलं, "आजोबा, परत कुणाची पिशवी धरू नका."

"मंग उभ्या माणसानं काय करा?" बाबांनी विचारलं. हवालदार पुढच्या कागदाकडे वळला.

चोरखिशातला पैसा जसाच्या तसा होता. पण पुढच्या दिवसांत बाबा बसमध्ये बसले की हात काखेत घालून बसायचे. एकदा कडेवर लेकरू आणि हातात पिशवी घेतलेली बाई त्यांच्याजवळ उभी होती. त्यांनी तिला आपली जागा दिली, स्वतः उभे राहिले, पण पिशवीला हात लावला नाही. मी खाली बघितलं. आपल्या माणसाला सावध केल्याचं समाधान असं असतं, हे मला माहीत नव्हतं. ठरल्यापेक्षा आधीच ते परत निघाले. "तुह्या मायले सांगू नको," म्हणाले. हे लिहू का असं फोनवर विचारलं, तर म्हणाले, "लिही. पत्रकासारखं लिही. लोकाईले समजलं पाह्यजे."

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे गाव चांगलं आणि शहर वाईट. तसं सोपं असतं तर मी कधीच परत गेले असते. गावातही खळ्यावरून काही नाहीसं झालं की पहिली नजर आमच्या वस्तीकडे वळते. मेथी-कॅन धरणारी आमची मांडी ज्यांना चालते, त्यांच्यातलेही काही तेव्हा खाली बघतात. लहानपणी मी ते पाहिलं आणि म्हणून तर निघाले. इथे आले तर इथेही तेच बंद दार. मागे जाता येत नाही, पुढे मोकळं होता येत नाही. सॅक पोटाशी घेऊन मी मधल्या थांब्यावर उभी असल्यासारखी जगते.

तेव्हा घर म्हणजे काय, याचं माझं उत्तर बदललं आहे. ते वडनेर नाही, ही भाड्याची खोलीही नाही. माझ्याकडे सगळी तोंडं वळलेली असताना, माझ्या रक्ताचं नसलेलं एक माणूस जिथे म्हणेल की थांबा, मी पाहिलं आहे, ते माझं घर. त्या दुपारी चौकीत, एका अनोळखी बाईच्या सहीपुरतं, ते मला मिळालं होतं.

म्हणून मागणं आहे, गावी राहिलेल्यांना आणि निघून आलेल्यांनाही. खिसा जरूर सांभाळा, सांगितलं तसा. उभ्या माणसाची पिशवी धरायची तर धरा, पण चार जणांना ऐकू जाईल असं म्हणून धरा की ही यांची, आणि ते उतरताना त्यांच्या हातात द्या. आणि बसमध्ये दारं बंद झाली, कुणा एकाकडे बोट गेलं, आणि तुम्ही काही पाहिलेलं असेल, तर घरी पोचायला उशीर होऊ द्या. कानातली वायर काढा, उभे राहा आणि जे पाहिलं ते तिथेच, सगळ्यांसमोर सांगा.