पोळ्याचं कुंकू आणि पायातलं लोखंड

माझा पाय शाबूत आहे तो माझ्या मोठ्या आईमुळे. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिला अक्षर येत नव्हते, आणि मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत शेणखत वाहताना खासर, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, उलटली आणि चाक माझ्या नडगीवरून गेले. हाड कातडी फाडून बाहेर आले. जखम झाकून चालणार नव्हते, म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातले नाही. हाडात स्टीलच्या सळया घालून त्यांची बाहेरची टोके एका दांड्याला नटांनी आवळली. सळयांभोवती रोज पुसायचे, लाली दिसली तर तडक यायचे. पू हाडात उतरला तर पाय कापावा लागेल, असे त्यांनी बजावले.

आमचे गाव वैनगंगेच्या वळणावर. पावसाळ्यात नदी आणि नाला एक झाले की गावाचे बेट होई. पलीकडे मोहाडीला जायला लाकडी डोंगा तेवढा उरे. धानाच्या रोवणीच्या घाईतही मोठी आई शेतावर, बांधीत जाण्याआधी माझ्याकडे येई. पाणी उकळून गार करी, साबणाने हात धुई आणि एकेक सळई पुसताना शेजारणींच्या कागाळ्या सांगे. त्यात माझे दुखणे विसरायला होई. तिचे यजमान, मोठे बाबा, माझ्या पायातल्या लोखंडाला नांगर म्हणत. येता-जाता विचारत, नांगर उभा झाला का अजून बसूनच हाये?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर सळयांभोवती लाल. मी मोठ्या बाबांना हाक मारली. पाण्याला ओढ होती तरी मोठ्या बाबांनी डोंगा आणवला. मला खाटेसकट उचलणार, तेवढ्यात मोठी आई पाणी घेऊन आली. पायाकडे पाहून तिने भांडे खाली ठेवले.

"ते म्या लावलं," ती म्हणाली. "काल दुपारी तू झोपला होता. नांगराले कुंकू लावलं, वखराले लावलं, मंग याले काहून नाई? यानंच त तुले धरून ठेवलं."

तिने ओला कापूस फिरवला. कापूस लाल झाला, खालची कातडी निकोप निघाली. मोठे बाबा डोंगेवाल्याला चहा पाजायला घेऊन बसले.

दिवाळीआधी सळया निघाल्या. मोठी आई ते लोखंड घरी न्यायला मागत होती. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या कामी येईल. ते तिला पटले.

पुढे बी.ए. झालो, साकोलीच्या शाळेत लागलो. तिथून तिला लिहिले:

"मोठे आई, तुले ऐकायले सोपं जावं म्हणून आपल्या बोलीत लिहून राहिलो. शाळेत दिवसभर उभं राहूनच शिकवावं लागते, पाय काई म्हणत नाई. सळयांच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे डाग हायेत. पोळ्याले घरी येतो. नांगराले कुंकू लावशील तवा माह्या पायालेही लाव. या वेळेस मी जागा राहीन."