फरशीला कान लावणारा गवंडी

“एक फरशी तडकली, तं मेहकरात तुले पुन्हा विटेले हात लावू देणार नाही बे!” माझे मामा ओरडत होते. ते ओरडले की पार धाड गावच्या बाजारातले बैल उधळायचे. संडासाचं फुटकं भांडं बदलायचं होतं आणि भोवतीची फुलाफुलांची फरशी मुंबईहून आणलेली. तशी अख्ख्या वऱ्हाडात दुसरी नव्हती.

गवंडी मात्र जमिनीला कान लावून पडला होता. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. बोटाच्या पेरानं त्यानं फरशी हळूच ठोकली आणि देवाशप्पथ सांगतो, खालून तशीच टकटक आली. जिथून ती येई, तिथलाच चुना तो पातळ तारेनं कापत गेला. भांडं दुधावरच्या सायीसारखं अलगद वर आलं. एकाही फुलाला ओरखडा नव्हता.

मी थापा मारतो हे जगजाहीर आहे, पण मामांचा आवाज त्या वेळी खरंच बसला. त्यांनी कुजबुजत विचारलं, “खालून कोन ठोकून राह्यलं व्हतं?”

हात पुसत तो म्हणाला, “माहा बाप, मालक. तुमचं पह्यलं भांडं बसवाले आल्ता. घरी वापस आलाच नाही.”