दार विकलेल्या मुलीची गोष्ट

माझी थोरली बहीण विद्यापीठात लोकसाहित्य आणि सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे तासिकेवर. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की ठणठणगोपाळ. एवढी वर्षं झाली, तरी तिला बसायला खोली नाही. जिन्याखाली जुने नकाशे कोंबून ठेवलेत, तिथे एका खुर्चीवर तिची पर्स असते आणि दुसऱ्या खुर्चीवर ती. "ताई, तुझ्याआधी पर्सला बढती मिळेल," असं मी म्हणायचे. ती हसायची. तिला राग म्हणून येत नाही. तिच्या वाटचा रागही मलाच करावा लागतो.

नव्या वर्गाचा पहिला तास ठरलेला असायचा. ओळखपाळख न करता ती थेट गोष्ट सुरू करायची. एक मुलगी पोटासाठी घराचं दार विकते. मग वारा, कुत्री, चोर, जो तो आत यायला बघतो. मुलगी उंबऱ्यात बसते ती बसतेच. शेवटी वारा विचारतो, "कोण गं तू?" ती म्हणते, "मी दार."

ही गोष्ट किती जुनी असेल, यावर मुलं तावातावाने बोलायची. कुणी हजार वर्षं मागे जायचं, कुणी त्याच्याही मागे. सगळ्यांचं बोलून झालं की ताई सांगायची, "माझ्या वडिलांनी रचली. आई दवाखान्यात होती, घराचं दार दुरुस्तीला सुताराकडे गेलं होतं, आणि आम्ही दोघी बहिणी भीतीने झोपत नव्हतो. आता सांगा, तुम्ही आधी काय विचारायला हवं होतं?" कुणी सांगितली, कुणाला, कशासाठी. हा तिचा पहिला धडा.

बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवली. स्वतःचं म्हणावं असं त्यांनी एवढंच केलं, तेही आमच्यासाठी.

गेल्या वर्षी विभागात कायमची जागा निघाली. विभागप्रमुख ताईचा वर्गमित्र. एके काळी आमच्याच घरी पडीक असायचा. दाराची गोष्ट त्याने खुद्द बाबांच्या तोंडून ऐकलेली. "जागा तुझीच गं, बाकी नुसता देखावा," असं त्याने तिला सांगितलं. त्या भरवशावर ताईने दुसऱ्या कॉलेजातले तास सोडून दिले. मी डोकं आपटून सांगितलं, पण ऐकते कोण.

निवड समितीपुढे उमेदवारांनी एकेक तास घ्यायचा होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. ताईच्या आधी नंबर होता लाडोबाचा. हे नाव मी ठेवलेलं. ती ताईची लाडकी विद्यार्थिनी. आजारपणात आमच्याकडे राहिली, आमच्याकडे जेवली, तिच्या प्रबंधाचं पान न् पान ताईने तपासून दिलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "डोंगरातल्या एका आजीने मला ही कथा सांगितली." आणि तिने बाबांची गोष्ट सुरू केली. फक्त शेवटी एक सुतार येतो, नवं दार बसवतो आणि मुलीशी लग्न करतो.

मी बाकावरून उठायला लागले. ताईने लांबूनच हाताने मला बस म्हणून खुणावलं.

ताईचा नंबर आला तेव्हा तयारी केलेलं सगळं तसंच राहिलं. "ही गोष्ट माझ्या वडिलांनी रचलेली आहे," एवढंच ती म्हणाली.

समितीतले एक वयस्कर गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, लोककथेला कर्ता नसतो, हे आम्ही तुम्हाला सांगायचं का? वडिलांनी कुठेतरी ऐकली असेल."

ताईने विभागप्रमुखाकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरला असता. तो चष्मा पुसत म्हणाला, "शक्य आहे. गोष्टी फिरत असतात."

जागा लाडोबाला मिळाली. पुढे हीच गोष्ट घेऊन तिचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना विभागप्रमुखाची. तिच्याखालची तारीख निवडीच्याही आधीची होती, म्हणजे गोष्टही त्याने आधीच वाचलेली. परक्याने दगा दिला असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. हे दोघंही आमच्या घरचे झालेले. मला अजून अन्न गोड लागत नाही.

ताईच्या तासिका मात्र चालूच आहेत. नवं वर्ष सुरू झालं. पहिला तास घेऊन ती घरी आली आणि पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

"सांगितलीस गोष्ट?" मी विचारलं.

"सांगितली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, तुमचा शेवट चुकला. शेवटी सुतार येतो."

"मग?"

"मी विचारलं, तुला कुणी सांगितली?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जुनीच आहे ना मॅडम, सगळ्यांनाच माहीत आहे." ताईने पर्सची चेन उगाचच उघडली आणि लावली. "मग मी हजेरी घेतली."