टोपलीतले उरलेले काप

माझ्या सासूबाईंचं नाव छा रुइफन. चीनमधल्या वेइशानच्या डोंगरात आमच्या वाडीत बचनाग शिजवावा तो त्यांनीच, असं आसपासच्या चार गावांतली माणसं म्हणायची.

बचनाग आमच्याकडे सगळेच लावतात. त्याचा कंद कच्चा खाल्ला तर बैल आडवा होतो, नीट शिजवला तर म्हाताऱ्यांच्या सांध्यांत बसलेली थंडी निघते. म्हणून वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी घरोघरी डुकराचे पाये आणि आलं घालून त्याचा रस्सा रटरटत असतो. आमच्या लुओंच्या घरात त्या भांड्याला सासूबाईंखेरीज कुणी हात लावायचा नाही. पहाटे चूल पेटवायच्या, दुपार कलली की कंदाचा एक काप स्वतः चावून वाट बघत बसायच्या. जीभ चुणचुणली तर आणखी शिजवायचं. घटकाभरात काही झालं नाही, तरच बाकीच्यांची ताटं. "आधी मी मरते, मग तुम्ही जेवा," असं हसत म्हणायच्या.

मी त्या घरात आले तेव्हा मला धड भातही करता येत नव्हता. सासूबाई टोमणे मारायच्या, पण वाईट हेतूने नाही. "यिनह्वा, तुझ्या माहेरी चूल होती की नुसता देव्हारा?" शेजारणी हसायच्या, मीही हसायचे. आतून मात्र लागायचं.

शहाण्णव सालची गोष्ट. माझी मुलगी आठ महिन्यांची होती, अंगावर पीत होती. नवरा पेइलिन दूर दक्षिणेला कथलाच्या खाणीत होता. त्या दिवशी सासूबाईंनी नेहमीसारखा रस्सा चढवला. दुपारी काप चावला, उंबऱ्यात बसून राहिल्या, मग उठल्या. "झाला. पाये अजून मऊ व्हायचेत, तासभर मंद आचेवर राहू दे. मी थोरल्या भावजींना बोलावून आणते. तू फक्त जाळ सांभाळ."

त्या गेल्या आणि मुलगी रडायला लागली. तिला पाजून, निजवून परत आले तर जाळ भडकलेला, रस्सा निम्म्यावर आलेला. तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांची हाक आली. "अगं, खेचरवाले दोघे आलेत. तेही जेवतील."

मी भांड्यात बघितलं. चार माणसांना पुरलं नसतं, पाच कुठले! मी दोन डाव पाणी ओतलं. रस्सा पांढरा, पचपचीत दिसायला लागला. आता सासूबाई येऊन म्हणतील, पाहुण्यांपुढे पाणी वाढलंस. कोपऱ्यात टोपलीत बचनागाचे मूठभर काप उरले होते. मी ते भांड्यात टाकले, ढवळले आणि जाळ वाढवला.

एवढंच केलं मी. ते घालायला लागला त्यापेक्षा पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो.

सासूबाई थोरल्या सासऱ्यांना घेऊन आल्या. भांड्यातून वाफ येत होती, रंग बरा दिसत होता. चाखून तर मघाशीच झालं होतं. त्यांनी वाढलं. अंगावर पाजणारीला बचनाग देत नाहीत, म्हणून मी वेगळा भात घेऊन चुलीपाशी बसले. सासऱ्यांनी पहिला वाडगा संपवून दुसरा पुढे केला. "आज रस्सा जिभेवर नाचतोय गं," ते म्हणाले.

सासूबाईंनी स्वतःच्या वाडग्यातला एक काप दाताखाली धरला आणि थांबल्या. तो काप कचकन तुटला. दिवसभर शिजलेला काप कधी असा तुटत नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुढच्या क्षणी त्यांनी सासऱ्यांच्या हातातला वाडगा उडवला. "टाका! सगळे टाका! घशात बोटं घाला!"

खेचरवाल्यांनी थोडंच खाल्लं होतं, ते ओकले. थोरल्या सासऱ्यांचे ओठ बधिर झाले. सासरे मात्र भिंतीला टेकून म्हणत होते, "माझे हात कुठायत? रुइफन, माझे हात कुठायत?"

मी ट्रॅक्टर शोधायला धावले. ट्रॅक्टर खालच्या वाडीत, मालक वरच्या मळ्यात. पायात चप्पल नव्हती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ट्रॅक्टर घेऊन परत आले तेव्हा सासूबाई, स्वतःची जीभ जड झालेली, नवऱ्याला पाठीवर घेऊन उतारावरून खाली येत होत्या. चार पावलं टाकायच्या आणि गुडघ्यावर बसायच्या. पुन्हा उठायच्या. मी त्यांना घ्यायला गेले तर म्हणाल्या, "तू पोरीला घे. पोर एकटी आहे घरात."

तालुक्याला पोचायला दोन तास लागतात. ट्रॉलीत पोर माझ्या पाठीला बांधलेली आणि सासऱ्यांचं डोकं मांडीवर होतं. त्यांचं काळीज मध्येच धावायचं, मध्येच थांबायचं, माझ्या हाताला कळत होतं. ओळखीच्या सगळ्या देवांना मी विनवलं. घाटाच्या शेवटच्या वळणावर काळीज थांबलं ते थांबलंच.

इस्पितळात पोलीस आले. सासूबाईंच्या हाताला सलाईन होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तोच त्यांनी दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"माझंच चुकलं, साहेब," त्या म्हणाल्या. "पाहुणे वाढले म्हणून मीच मागाहून काप टाकले. म्हातारी झाले, भान राहिलं नाही."

पोलीस गेल्यावर मी त्यांच्या पायांवर पडले. "आई, का बोललात असं?"

"घरात धडधाकट एकटी तूच उरलीस. खरं सांगितलंस तर कोण म्हणेल सून चुकली? म्हणतील विष घातलं. नेतील तुला. पोरीला पाजणार कोण, मी?" मग भिंतीकडे तोंड केलं. "या तोंडातून पुन्हा ते निघालं तर मला आई म्हणू नकोस."

मी घाबरले आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मी आजही स्वतःला माफ करू शकत नाही.

पेइलिन आला, बापाला पुरलं. निघताना आईला एवढंच म्हणाला, "तीस वर्षं चाखून वाढलंस. बाबांच्याच वेळी विसरलीस?"  त्यानंतर तो नववर्षालाही घरी येईना. आला तरी आईच्या हातचं खाईना, मी शिजवलेलं खायचा. माझ्या हातचं! वाडीतल्या बायकांनी त्यांच्याकडून भाजीची काडी घेणं सोडलं. लग्नाकार्यात त्यांना चुलीपासून लांब, बायकांच्या शेवटच्या बाकावर बसवायच्या. त्या बसायच्या.

तिसऱ्या वर्षी मला सहन झालं नाही. मी पेइलिनला सगळं सांगितलं. पाणी, काप, टोपली, इस्पितळ. तो पांढराफटक पडला. उठून आईसमोर गेला. "ही म्हणते ते खरं का?"

सासूबाई कपडे धूत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझी बायको मऊ काळजाची आहे. माझे हाल बघवत नाहीत म्हणून स्वतःवर घेते. तिला तेव्हा बचनाग आणि मुळा ओळखता येत होता का रे?"

त्याने माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं! कौतुकाने. "तू फार चांगली आहेस," म्हणाला.

मी ओरडले, शपथा घेतल्या. जितकं ओरडले तितका त्याचा विश्वास आईवर बसत गेला. त्या रात्रीपासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते वर्षभर.

पुढे त्या दहा वर्षं जगल्या. बचनाग पुन्हा चुलीवर चढवला नाही. मळ्यातली रोपं त्यांनी स्वतः उपटली, आणि थंडीत गुडघे धरून बसायच्या. मी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायचे. कधी घ्यायच्या, कधी बाजूला सारायच्या. शेवटच्या आजारात मी पुन्हा विषय काढला, तर डोळे मिटून म्हणाल्या, "पोरीचं लग्न ठरू दे आधी." पोर तेव्हा अवघी तेरा वर्षांची होती.

शवपेटी अंगणात ठेवली तेव्हा अख्खी वाडी जमली. पेइलिन गुडघ्यांवर बसला, तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि रडत म्हणाला, "आई, मी तुला माफ केलं."

मी उभी राहिले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, पहिल्यापासून सांगायला लागले. थोरल्या सासऱ्यांच्या बायकोने आणि शेजारणींनी मला दोन्ही दंडांना धरलं आणि घरात नेलं. "सासूवर फार जीव होता हो," बाहेर कुणीतरी म्हणत होतं, "दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं."