शालूचा फिरकीचा तांब्या

शालूच्या तेराव्याला पंगत उठली, तेव्हा मी उष्टी पानं गोळा करत होते. गॅलरीत हात पुसत उभ्या असलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "दारोदारचं पाणी पीत हिंडायची. शेवटी पाण्यानेच नेलं." आवाज हळू होता, पण मला ऐकू यावा इतपत मोठाही होता. तेव्हा मी काही बोलले नाही. आत शालूची आई, म्हणजे आमच्या काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर मला तमाशा नको होता. त्या बाईंचं उत्तर तेवढं राहून गेलं. ते आज देते, आणि वर्तमानपत्रात देते, म्हणजे त्यांना सावकाश चष्मा लावून वाचता येईल.

शालू विषमज्वराने गेली हे खरं. मी वर्गावर असताना मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि बोलण्याआधी खुर्ची पुढे केली, तेव्हाच मला कळलं. आदल्या संध्याकाळी तिला भेटले होते तर तापात हसून म्हणाली होती, "वत्सू, रविवार चुकला गं." त्याच सुमारास आमच्या बिल्डिंगमध्ये आणखी तिघं तापाने झोपली होती. त्यातल्या एक आजी तर घाटकोपरच्या भाजीबाजारापलीकडे कधी गेलेल्या नाहीत. ताप कुठल्या पाण्यातून आला ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मी त्या बाईंशी हुज्जत घालत नाही. समजा, बाहेरच्याच पाण्याने गेली असेल... मग? घोडागाडीखाली सापडलेल्या माणसाला कुणी म्हणतं का, घराबाहेर पडत होता ना, मग भोगा आता?

शालू आणि मी एकाच जिन्यात वाढलो आणि पुढे एकाच शाळेत शिकवायला लागलो. शिक्षणाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळून इंग्लंडला गेलो तेही बरोबरच. नवरा गेलेला, पदरात एकच मुलगी, तीही बिनलग्नाची, आणि तिला बोटीवर चढवताना काकू डगमगल्या नाहीत. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली तर म्हणाल्या, "वाकडी करा नाहीतर सरळ करा, शालू जाणार." मात्र निघताना त्यांनी आमच्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या दिला. झाकण पिळून बंद करायचं, त्याच झाकणाचा पेला करायचा आणि प्रवासात आपलंच पाणी प्यायचं. "परक्यांच्या घरचं पाणी घेऊ नका गं," एवढीच त्यांची अट होती. मुलीला सातासमुद्रापार धाडणारी बाई, पण पाण्याच्या बाबतीत उंबरठ्याच्या आतली.

आम्ही उत्तरेकडच्या, यॉर्कशरमधल्या, गिरण्यांच्या धुराने काळ्या पडलेल्या एका शहरात राहत होतो. शनिवार-रविवार सुट्टी असायची. पहिला शनिवार आम्ही खोलीत शेगडीशी पाय शेकत काढला. दुसऱ्या शनिवारी शालूने माझं पांघरूण ओढलं. "ऊठ. वर्षभर ही खोली बघायची आणि घाटकोपरला जाऊन सांगायचं की विलायत पाहिली? चल, बस सुटेल." कुठे जायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. बसस्टँडवर जी बस सर्वांत रिकामी होती तिच्यात आम्ही बसलो. डोंगरात एका फाट्यावर उतरलो. दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि साडीतून आरपार जाणारा वारा. वर चढून पोळ्यांचा डबा उघडला तर तांब्याची फिरकी वाकडी बसलेली, पाणी सगळं पिशवीत आणि पोळ्यांचा लगदा. काकूंनी समुद्रापार पाठवलेली व्यवस्था पहिल्याच सहलीत बुडाली. मी रडकुंडीला आले आणि शालू मात्र खाली दिसणाऱ्या एका शेतघराकडे चालायला लागली.

एप्रन बांधलेल्या एका जाड बाईने दार उघडलं. शालूने पाणी मागितलं. बाईने आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आत हाक मारून नवऱ्याला सांगितलं आणि आम्हांला चुलीपाशी बसवलं. त्या वेळी तिकडे साखर अजून रेशनवर होती. तरी तिने चहात ती घातली आणि न विचारता घातली. साडीला हात लावून "याच्या आत लोकर काय घालता?" असं विचारलं आणि निघताना तांब्या भरून दिला. वाटेत शालू तो हलवून हलवून पाण्याचा आवाज ऐकत होती. म्हणाली, "वत्सू, या डोंगराचं नाव मी उद्या विसरेन. पण ही बाई विसरणार नाही. आपण तांब्या भरून न्यायचाच नाही गं यापुढे. रिकामा न्यायचा." तिथून तिचा नियम ठरला. ज्या गावात कुणाच्या घरचं पाणी प्यालो नाही, ते गाव पाहिलंच नाही. किल्ले पाहिले, समुद्रकिनारे पाहिले, कोळशाच्या खाणींची गावं पाहिली. प्रत्येक ठिकाणी संध्याकाळच्या बसआधी शालू एखादं दार ठोठावणार आणि मी दोन पावलं मागे, शरमेने छत्री उघडमीट करणार.

सगळी दारं उघडली असं मी म्हणणार नाही. खाणींच्या एका गावात एका माणसाने फटीतून बघितलं, "स्मशानाच्या फाटकाशी नळ आहे," म्हणाला आणि दार लावून घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "चल, बस झालं. शोभा झाली तेवढी पुरे." शालू हलेना. बंद दाराकडे बघत म्हणाली, "हे दार ओळखीचं आहे." मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग ती म्हणाली, "झाडूवाली मागच्या जिन्याने येते ना आपल्याकडे, तिने पाणी मागितलं की आई काय करते? वरच्या पायरीवर उभी राहते आणि तिच्या ओंजळीत वरून ओतते. एक थेंब अंगावर उडू देत नाही. वत्सू, या माणसाने निदान नळ तरी दाखवला." त्या दिवशी ती पुढे काहीच बोलली नाही. शालू गप्प बसली की मला भीती वाटायची, कारण त्यानंतर ती काहीतरी करायचीच.

तिथल्या हिंदुस्थानी विद्यार्थ्यांच्या एका चहापानाला ही गोष्ट कुणाच्या तरी कानावर गेली. सुटाबुटातले एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही दारोदार पाणी मागत फिरता म्हणे? देशाची अब्रू घालवता." शालूने कपबशी खाली ठेवली. "मागितल्याने गेली असेल तर गेली. नाकारल्याने किती गेलीय, ते आधी मोजा." गृहस्थ पुन्हा आमच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मला मात्र त्यांच्यापुढची बिस्किटं मिळाली.

परत आलो. पहिल्याच रविवारी सकाळी शालू दारात उभी, खांद्यावर झोळी, झोळीत रिकामा तांब्या. मी म्हटलं, "अगं, आता कुठे? हा तर आपलाच देश." "आपला?" ती म्हणाली. "वर्सोव्याला कधी गेलीयस? बोरिवलीच्या डोंगरात? विक्रोळीच्या कारखान्यामागे कोण राहतं, सांग. यॉर्कशरच्या मेंढ्या तुला जास्त माहितीच्या आहेत." मी चप्पल घातली. वर्सोव्याला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वाट काढत आम्ही एका अंगणात शिरलो. मी नाकाला पदर लावला तर शालूने कोपर मारलं. तिथल्या कोळीणबाईंनी पाणी मागताच खाट झटकली. "ये गो बाय, बस. पानीच कशाला, जेवूनशी जा." जेवलो. म्हणजे शालू जेवली. मी भात आणि लोणचं खाल्लं आणि त्यावरून त्या बाई पोट धरून हसल्या.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "तांब्यात काय आहे?" शालूने सांगितलं, वर्सोव्याचं पाणी. दुसऱ्या दिवसापासून तांब्या स्वयंपाकघरात नव्हता. गॅलरीत, कुंडीशेजारी, एका फळीवर त्याची जागा झाली. दर रविवारी काकू दारातच विचारायच्या, "आज कुणाच्या घरचं?" शालू खरं ते सांगायची. मग काकू वळून आत जायच्या, शालू गॅलरीत उभी राहून ते पाणी प्यायची आणि तांब्या फळीवर ठेवायची. भांडण नाही, आदळआपट नाही. मायलेकींची गाठ एकसारखीच चिवट होती आणि ती दोन्ही टोकांनी ओढली जात होती.

विक्रोळीची यमुनाबाई आम्हांला मागच्या वर्षी भेटली. कारखान्यांच्या भिंती संपल्या की खाडीकडे तिवरांच्या कडेला झोपड्यांची एक वस्ती आहे. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यावर जिला वरून पाणी मिळतं, त्याच समाजातली माणसं. अस्पृश्यता गेल्याचा कायदा झाला होता, पण तो अजून आमचा जिना चढून आला नव्हता. यमुनाबाई दारात तांदूळ निवडत होती. शालूने पाणी मागितलं. ती उठली नाही. म्हणाली, "आमचं पाणी तुमास्नी चालायचं न्हाई." शालू म्हणाली, "चालतं." यमुनाबाईने सूप खाली ठेवलं आणि सरळ डोळ्यांत बघून विचारलं, "आज पिशील बाई. उद्या मी तुज्या दारात आले, तर मला आत घेशील का?" आयुष्यात पहिल्यांदा मी शालूला अडलेली पाहिली. मग म्हणाली, "घर आईचं आहे. मी तिच्याशी भांडतेय. तोवर मी तुमच्याकडे येईन." यमुनाबाई हसली. "खरं बोललीस. घे, पी." त्यानंतर कुठेही गेलो तरी परतताना विक्रोळी व्हायचीच. यमुनाबाई दर वेळी विचारायची, "झालं का भांडून?" आणि शालू म्हणायची, "अजून नाही."

भांडण अर्ध्यावर टाकून ती गेली, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. तिच्यावर राग आहे, तापावर आहे, आणि हो, काकूंवरही होता.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी फळीवरचा तांब्या उचलला आणि एकटीच विक्रोळीला गेले. यमुनाबाईला सांगावं तर लागणारच होतं. ऐकून तिने माझ्या हातातला तांब्या घेतला, घासला, भरला आणि म्हणाली, "तिच्या आईला दे. पिऊ नको म्हनावं, हवं तर झाडाला घाल. पन दे."

काकूंनी दारातच विचारलं, सवयीने, "कुणाच्या घरचं?" मी सांगितलं, आणि निरोपही जसाच्या तसा सांगितला. आता त्या वळून आत जातील म्हणून मी गॅलरीकडे निघाले. त्यांनी हात पुढे केला. तांब्या घेतला आणि आत नेला. मी पाहत होते. त्यांनी रोजचं पातेलं स्टोव्हवर ठेवलं, त्यात ते पाणी ओतलं, चांगली उकळी येऊ दिली. शालू गेल्यापासून त्या नळाचंही पाणी उकळूनच घेतात. निवल्यावर पाणी पुन्हा तांब्यात भरून त्यांनी तो देवघराशेजारी, त्यांच्या स्वतःच्या पाण्याच्या कळशीला लागून ठेवला. जंतू उकळीने मरतात. दुसरं जे काही असतं ते मरायला काय लागतं, ते त्या दिवशी मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या बाई समाचाराला वर आल्या. चार शब्द बोलून झाले, जिना चढून घसा कोरडा पडला होता, त्यांनी पाणी मागितलं. काकू उठल्या आणि तो तांब्या घेऊन आल्या. आधी फिरकीच्या पेल्यात स्वतःला ओतून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं प्यायल्या. मग दुसऱ्या भांड्यात ओतून त्यांच्यापुढे धरलं.

"घ्या. विक्रोळीच्या यमुनाबाईंकडचं आहे. माझी शालू हेच प्यायची. उकळलंय."

बाईंची तहान तेवढ्यात गेली होती. त्या जिना उतरेपर्यंत काकू भांडं हातात धरून उभ्या होत्या. मग ते त्यांनी माझ्यापुढे केलं आणि मी प्याले.

"वत्सू," त्या म्हणाल्या, "येत्या रविवारी त्यांना घेऊन ये. पुढच्या जिन्याने." भांडं माझ्याकडून परत घेत म्हणाल्या, "आणि सांग त्यांना, भांडून झालं."

आज शनिवार आहे. तांब्या रिकामा करून, घासून, झोळीसकट दाराशी ठेवलाय.