दवाखान्यातले फौजी

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात मायचं ऑपरेशन चालू होतं. मी बाहेर पायरीवर एकटीच रडत बसले होते. खाकी टोपीतला एक म्हातारा पाय ओढत आला आणि शेजारी टेकला. अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाला, "रडून घे पोरी. मी आहो इथं."

आवारातले सगळे त्यांना फौजी म्हणत. ते रोज येत आणि ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याच्याजवळ बसत.

"तुमी कायले येता रोज?" मी विचारलं.

"लढाईत पायाले गोळी लागली, तवा एक जवान माह्याजवळ बसून राह्यला होता. काहीच नाही केलं त्यानं, नुसता बसला. तेवढ्यानं मले धीर आला."

इतक्यात डॉक्टर बाहेर आले. माय सुखरूप होती. माझा जीव भांड्यात पडला. फौजींना सांगायला वळले, तर ते समोरच्या झाडाखाली डोळे पुसणाऱ्या एका बाईकडे निघालेही होते.

परवा ते वारले. अंत्ययात्रेला मी मायला घेऊन गेले. माजी सैनिकांनी सलामी दिली. मग माय आपल्या पायांनी चालत पुढं गेली. तिनं त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. फूल वाहून ती म्हणाली, "भाऊ, मी बरी आहो. माह्या पोरीजवळ तुमी बसले होते."