देवाचं तूप

आमच्या कुगती गावात तुपाचं भांडं माझ्या हातात कुणी देत नाही. लग्न असो, जत्रा असो, पंगतीत वाढायला उठलो की कुणीतरी म्हणतंच, "सरणू, तू आपलं पाणी वाढ." पूर्वी नाकाला मिरच्या झोंबायच्या. आता मुकाट्याने तांब्या उचलतो. हे असं का झालं ते सांगायचं तर जिंदू दाजींबद्दल सांगावं लागेल, आणि दाजींबद्दल सांगायचं तर खिंडीपर्यंत चालावं लागेल. खाली गावात बसून तो माणूस कुणाला कळलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रसालोताईचे यजमान. वय साठीच्या अलीकडे की पलीकडे, ते त्यांनाही ठाऊक नाही. उंची इतकी की घरात शिरताना वाकायचं विसरले की सगळ्या गावाला ऐकू जातं. अंगात लोकरी चोला, कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे वेढे, आणि त्या वेढ्यांच्या वर चोल्याची जी झोळी होते तिच्यात त्यांचा सगळा संसार. तंबाखू, मिठाचे खडे, सुई, मक्याची अर्धी भाकरी आणि बहुतेक वेळा एखादं करडू. दाजी गंभीरपणे काही सांगत असतात आणि त्यांच्या छातीतून "बँ" असा आवाज येतो. नवखा माणूस चार पावलं मागे सरकतो.

चाळीस वर्षं हा माणूस उन्हाळ्याच्या तोंडाला कळप घेऊन खिंड ओलांडतो, पलीकडे लाहौलच्या कुरणांत जातो आणि थंडीच्या आधी परत येतो. तिथे वर, जिथे चांगल्या चांगल्यांची छाती भात्यासारखी चालते, तिथे दाजींना गाणं सुचतं. पण भरमौरच्या बसमध्ये बसवा, पहिल्याच वळणाला खिडकीबाहेर डोकं. एकदा अर्ध्या वाटेत उतरून उरलेली वाट चालत घरी आले आणि म्हणाले, "माणसाने बसून चढावं हे माझ्या पोटाला पटत नाही."

खोटंही त्यांना असंच पोटात ठरत नाही. एकदा आमच्या कुत्र्याने लाहौलातल्या एका घरचं लोणी फस्त केलं. कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही तीन तास पुढे आलो होतो. दाजींना लोण्याने माखलेलं तोंड दिसलं, तसे ते कुत्र्याला घेऊन उलट पावली तीन तास गेले, "हा आमचा, ह्यानेच खाल्लं," असं सांगायला. असा हा माणूस आयुष्यात एकदाच लबाडी करायला गेला, ती थेट देवाशी.

त्याचं असं झालं. आठ वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर खिंडीखालच्या तळावर, अल्यासला, आम्हाला अवेळी बर्फाने गाठलं. तेव्हा ताईही कळपाबरोबर यायची. तिची छाती भरली, ताप चढला. बर्फ तीन दिवस थांबेना. दगडाच्या आडोशाला ती निपचित पडली होती. दाजींना मी अस्वलासमोर शीळ घालत उभं राहिलेलं पाहिलंय. तो माणूस लहान पोरासारखा रडत खिंडीकडे हात जोडून म्हणाला, "हिला आपल्या पायांनी घरी येऊ दे. माझ्या कळपातला सगळ्यात चांगला बोकड तुझा."

त्याच दिवशी एक शेळी दिवस भरायच्या आधीच व्याली आणि गारठून मेली. मागे उरलं एक काळं, ओलं, मुठीएवढं करडू. दाजींनी ते पुसून ताईच्या पांघरुणात तिच्या पोटाशी सारलं. दोघं एकमेकांच्या उबेवर जगली. चौथ्या दिवशी ऊन पडलं, ताईने डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "माझ्या अंगावर कोण मुतलं?"

ते करडू म्हणजे लंबरदार. गावचा मुखिया चालतो तशी मान वर करून चालायचा, म्हणून हे नाव. तीन वर्षांत असा वाढला की कळपात दुसरा त्याच्यासारखा नाही. बर्फावर पहिला पाय तोच टाकणार, आणि त्याने टाकला की चारशे जनावरं मुकाट मागे. आता सांगा, कळपातला सगळ्यात चांगला बोकड कोण? दाजींना विचारायची गरजच नव्हती. ते त्याच्याकडे बघायचे आणि जेवण टाकून उठायचे.

आमच्याकडे नवसाचा बोकड असा तसा कापत नाहीत. देवाचा कौल घेतात. खिंडीच्या माथ्यावर दगडांच्या राशीत त्रिशूळ रोवलेत, तिथे बोकडाला उभं करून डोक्यापाठीवर पाणी शिंपडायचं. त्याने थरथरून अंग झाडलं, तर देवाने घेतला. तीनदा शिंपडूनही झाडलं नाही, तर देवाला यंदा नको. मग देवाला तुपातला गोड रोट ठेवायचा आणि बोकड परत कळपात. नवस मात्र पुढच्या वर्षी पुन्हा उभा.

पहिल्या वर्षी लंबरदाराने अंग झाडलं नाही. सगळे नवल करत राहिले. रोट करायला तुपाचा डबा उघडला, तर तूप निम्मं. घरून ताईने काठोकाठ भरून दिलेलं. कळपाबरोबर तिघेच, दाजी, म्हातारे जगरूकाका आणि मी. दाजी खोटं बोलत नाहीत, काकांना तूप सोसत नाही. राहिलो मी.

परत आल्यावर ताई म्हणाली, "सरणू, मेल्या, देवाच्या तुपावर हात मारलास?"

"ताई, तुझी शपथ!"

"माझी कशाला घेतोस? आधीच एकदा मरता मरता वाचलेय मी!"

दुसऱ्या वर्षी मी डोळ्यांत तेल घालून डब्यावर नजर ठेवली. अल्यासला संध्याकाळी दाजी डबा घेऊन एका मोठ्या दगडामागे गेले. मी मागोमाग. बघतो तर दाजी लंबरदाराच्या पाठीला, मानेला, कानांच्या मुळांना तूप चोळतायत आणि त्याला सांगतायत, "उद्या हलू नकोस हं बाळा. अजिबात हलू नकोस." तुपाने माखलेल्या केसांवरून पाणी घरंगळून जाणार, कातडीला लागणारच नाही. मग बोकड अंग झाडेल कशाला?

"दाजी!" मी म्हणालो.

ते इतके दचकले की चोल्यातलं करडू ओरडलं. मग खाली बसले. "मेव्हण्या, कुणाला सांगू नकोस. रसालोला तर नकोच. तिच्या जिवाचा नवस आहे. मी देवाच्या तोंडाला पानं पुसतोय हे कळलं तर ती रात्रंदिवस भीतीत राहील."

"आणि माझं काय? मला गावभर तूपचोर म्हणतात!"

"तू तरुण आहेस, तुला पचेल," दाजी म्हणाले. पण त्या माणसाला स्वतःला काही पचत नव्हतं. दर वर्षी खिंड उतरल्यावर दोन दिवस अन्नाला शिवायचे नाहीत. आकाशात ढग आला की माझ्याकडे बघायचे. ताईला साधी शिंक आली तरी यांचा चेहरा उतरायचा. चार वर्षं असं चाललं. मी कुणापुढे दाजींचं नाव घेतलं नाही. मला मोठेपणा नको, पण नाही घेतलं हे खरं.

गेल्या उन्हाळ्यात ताईने जाहीर केलं, "यंदा तुपाबरोबर मी येणार."

"तुझी छाती…" दाजी म्हणाले.

"छाती माझी आहे, मी बघेन. तुमच्या ह्या मेव्हण्याच्या जिभेला लगाम घालायला कुणीतरी हवं ना!"

तिने डबा कापडात शिवला आणि स्वतःच्या पाठीवर बांधला. पहिला दिवस देवदारांतून, दुसरा भूर्जांतून, तिसऱ्या दिवशी झाडं संपली आणि नुसते दगड नि बर्फाच्या जिभा राहिल्या. ताई सावकाश पण न थांबता चढत होती, आणि तोंड पायांहून जास्त चालत होतं. माझ्या चालण्याला, चहाला, टोपीला, सगळ्याला नावं ठेवून झाली. अल्यासला पोचलो तेव्हा दाजी चार-पाच वेळा तिच्याभोवती घुटमळले.

"काय हवंय?" ताई म्हणाली.

"काही नाही. डबा जड असेल. मी ठेवतो."

"मी डबा उशाला घेऊन झोपणार आहे. तुम्ही तुमच्या मेव्हण्याकडे लक्ष द्या."

दाजी येऊन माझ्याजवळ बसले. लंबरदार त्यांच्या हातातलं मीठ चाटत होता. "मेव्हण्या, संपलं," ते म्हणाले. "उद्या खरं होणार. चार वर्षं फसवलं, आता देव बरोबर वसूल करणार." आधी कधी वाटलं नव्हतं, पण त्या वेळी वाटलं की दर वर्षी दोन डबे तूप खाल्ल्याचा आळ आला असता तरी चाललं असतं.

उजाडायच्या सुमारास निघालो. बर्फ टणक असतो तोवरच माथा गाठायचा असतो. शेवटच्या चढावर मोठ्याने बोलायचं नाही, आवाजाने वरचे दगड सुटतात. त्यामुळे ताई मला कुजबुजत शिव्या देत होती. लंबरदार पुढे, त्याची घंटा, त्याच्या मागे चारशे जनावरांची रांग. दाजी त्याच्या शेजारून चालत होते आणि पहिल्यांदाच मी त्यांना खिंडीत धापा टाकताना पाहिलं.

माथ्यावर पोचलो. ऊन नुकतं त्रिशुळांना लागलं होतं. जगरूकाकांनी धूप पेटवला. दाजींनी लंबरदाराची शिंगं धरली आणि तोंड वळवलं. मी मागून त्याच्या अंगाशी उभा. सुरी दगडावर ठेवलेली.

काकांनी पाणी शिंपडलं. लंबरदार लाहौलच्या हिरव्या उताराकडे बघत रवंथ करत राहिला.

दुसऱ्यांदा. त्याने एक कान हलवला. पण पुढे काही नाही.

तिसऱ्यांदा काकांनी ओंजळभर पाणी ओतलं. ते त्याच्या पाठीवरून मोत्यांसारखं घरंगळत खाली गेलं. लंबरदार ढिम्म.

"देवाला नको," काका म्हणाले. "पाच वर्षं झाली. आता नवस सुटला समज, जिंदू. देवाने तुला तो देऊन टाकला."

दाजी तिथेच बर्फात गुडघ्यांवर बसले. लंबरदाराच्या कपाळाला कपाळ लावून रडायला लागले, तोंडाने हसत. "खरंच नको त्याला," म्हणत होते. "यंदा खरंच नको."

मी बोकडाला सोडायला त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात मऊ, ओशट झाला. थंडीने थिजलेलं तूप केसांच्या मुळाशी मेणासारखं बसलं होतं. मी ताईकडे पाहिलं. ती माझ्याचकडे बघत होती. मग माझ्याजवळ आली, पदराने माझा तळवा पुसला आणि अगदी हळू बोलली.

"गेल्या हिवाळ्यात कुत्रं ह्याच्या घंटेचा पट्टा चाटत होतं, पट्ट्यात तूप मुरलेलं. तेव्हा कळलं. अरे, मी मरत होते तेव्हा हा माझ्या पोटाशी होता. ज्याने मला ऊब दिली त्याला माझ्या नावाने कापायचं? देवाला राग आला तर माझ्यावर येऊ दे. ह्यांनी खूप सोसलं."

"मग दाजींना सांग ना!"

"नाही. त्यांना एकदा तरी देवाने दिलं असं वाटू दे."

तेवढ्यात काकांनी रोटासाठी डबा उघडला. कापडाची शिवण सुटलेली होती आणि तूप निम्मं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ताईनेही माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत शिवी नव्हती, विनवणी होती.

"मीच खाल्लं, काका," मी म्हणालो.

दाजींनी डोळे पुसले आणि उठून माझ्यासमोर उभे राहिले. डबा यंदा त्यांच्या हाती लागलाच नव्हता, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. "मेव्हण्या," ते कुजबुजले, पण कळकळीने, "मागचं सोड, ते आपल्याला माहीत आहे. पण आज? आज देव आपल्यावर इतका प्रसन्न झाला आणि तू त्याच्या तुपाला तोंड लावलंस? लाज नाही वाटली?"

पाच मिनिटं तो माणूस मला देवाशी प्रामाणिक कसं वागावं ते शिकवत होता. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढी जीभ मी आयुष्यात कधी चावली नव्हती.

मग लंबरदाराने पलीकडच्या बर्फावर पाय टाकला आणि कळप उतरायला लागला. खालच्या पहिल्या कुरणात आम्ही बसलो. दाजी पहिल्यांदाच उतरल्या उतरल्या जेवले, तीन भाकऱ्या, आणि चौथी मागितली. देवाच्या रोटाचा प्रसाद वाटताना ताईने माझा तुकडा सगळ्यात मोठा केला. दाजींची पाठ वळल्यावर डब्यात तळाशी उरलेलं तूप बोटाने निपटून तिने त्याच्यावर घातलं.

"खा," ती म्हणाली. "पाच वर्षं नाव झालंय, निदान चव तरी बघ."

मी खाल्लं. तूप फार चांगलं होतं.